नमनाचे तेल

लोकांच्या ओठी बसलेल्या एखाद्या जुन्या चित्रपटाचा नव्या चित्रपटाने आदरपूर्वक आणि उघडपणे केलेला निर्देश, या गोष्टीसाठी मराठीत अद्याप नेमका शब्द रुळलेला नाही. वृत्तपत्रांतील परीक्षणे अशा ठिकाणी ‘आदरांजली’ लिहून मोकळी होतात. परंतु आदरांजली मृतांना वाहायची असते, आणि ज्या चित्रपटाला ती वाहिली जाते तो बहुधा चांगला ठणठणीत असतो. ‘मानवंदना’ या शब्दाला पोलिसी संचलनाचा वास आहे. ‘सलामी’ म्हटले की दहीहंडीचे थर आठवतात. आम्ही वर्गात ‘नमन’ हा शब्द वापरतो. कोकणात नमन हे एका कृतीचे नाव आहेच, शिवाय ते एका अख्ख्या खेळाचेही नाव आहे. देवांना, गावाला, जमलेल्या मंडळींना नमस्कार करायचा आणि त्या नमस्कारातूनच पुढचा खेळ उभा करायचा. तमाशातील गण आणि संगीत नाटकातील नांदी ही त्याचीच भावंडे होत. आपल्याआधी कोणी होते हे मान्य करणे हाही खेळाचाच भाग असतो, असे आपल्या रंगपरंपरेने पूर्वीपासून धरलेले आहे.

नमनावरून मराठीत एक म्हणही आहे. ‘नमनालाच घडाभर तेल’ ही म्हण लांबलेल्या प्रास्ताविकाची थट्टा करते. रात्रभराच्या खेळासाठी आणलेले दिवटीचे तेल नमनातच संपले, तर पुढचा खेळ अंधारात करावा लागेल, हा तिचा साधा अर्थ. थट्टा बाजूला ठेवली तर तिच्यात एक जाणतेपण दिसते. नमन फुकट होत नाही. त्यालाही काहीतरी जाळावे लागते. चित्रपटाच्या नमनात जळणारे तेल कोणते, ते कोण पुरवतो आणि ते संपत आले आहे काय, एवढेच प्रश्न आम्हांला येथे विचारायचे आहेत. उदाहरणे मुद्दाम मारधाडपटांची घेतली आहेत. समीक्षेच्या पंगतीत या चित्रपटांचे पान नेहमी शेवटी मांडले जाते. पण उसनवारीचा व्यवहार जितका उघडावाघडा तेथे दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

आम्ही दोघे वसई परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पालघर जिल्हा २०१४ साली झाला आणि त्याआधी पाच वर्षे, २००९ मध्ये, वसई-विरारची महानगरपालिका झाली; पण आमच्या वर्गाची घडण या दोन्ही तारखांपेक्षा जुनी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून येणारी मुले आहेत, निर्मळ-भुईगावकडची घरी सामवेदी बोलणारी आहेत, वाडवळी बोलणारी आहेत, पूर्वेच्या पाड्यांवरून येणारी वारली मुले आहेत, आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतून येणारी, ज्यांच्या घरी मालवणी किंवा भोजपुरी चालते अशीही आहेत. एका बाकावर चार बोली बसतात. अशा वर्गात ‘हे तर तुम्हांला माहीतच आहे’ असे वाक्य उच्चारण्यापूर्वी शिक्षकाला दहादा विचार करावा लागतो. केशवसुत सर्वांना माहीत नसतात. रामायणही प्रत्येक घरी एकच नसते. ‘शोले’ मात्र प्रत्येकाला कोठून तरी, कसा तरी, थोडा तरी माहीत असतो. साहित्याचे माध्यमांतर शिकवताना आम्ही या चित्रपटाकडे वळलो ते याच कारणाने.

वर्गात आरंभ होतो तो राजशेखरापासून. दहाव्या शतकाच्या आरंभीचा हा पंडित कनौजच्या दरबारात वावरला, पण आपल्या पूर्वजाला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, म्हणून त्याला आम्ही थोडासा आपला समजतो. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त हरण, म्हणजे दुसऱ्या कवीचे शब्द आणि अर्थ उचलणे, या विषयासाठी तीन अध्याय दिलेले आहेत. राजशेखर नीतीची प्रवचने झोडत नाही. कवी आणि वाणी यांच्यात चोर नसलेला कोणी सापडणार नाही, ज्याला लपवता येते त्याचे भले होते, असे तो खुशाल सांगून टाकतो. मग तो अर्थहरणाचे प्रकार लावतो. आशय तोच आणि केवळ मांडणी बदललेली, ते प्रतिबिंबकल्प. थोड्या संस्काराने तीच वस्तू वेगळी भासवली, ते आलेख्यप्रख्य. विषय वेगळा, पण साम्य इतके की दोन देह एकसारखे वाटावेत, ते तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एकच, परंतु सारी रचना दूरची, ते परपुरप्रवेशसदृश. योगी परकायेत शिरतो तसे. यांतील पहिले तीन दृष्टान्त त्याच्याआधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दिलेले होते. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो, चित्राचा आत्मा पोकळ असतो, पण एकासारखा एक दिसणाऱ्या दोन माणसांत प्रत्येकाचा आत्मा आपापला असतो, म्हणून तेवढे साम्य कवीने टाळू नये, अशी आनंदवर्धनाची कसोटी आहे. हजार वर्षांपूर्वीची ही चौकट विद्यार्थ्यांना प्रथम रूक्ष वाटते. मारधाडपट तिच्यात बसवू लागले की वर्ग जागा होतो.

आधी खुद्द ‘शोले’च घ्यावा. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे चाललेला हा चित्रपट आज सर्व उसनवारीचे मूळ पीठ मानला जातो. पण पीठाच्या मागेही पीठ आहे. भाडोत्री लढवय्ये आणून गावाने दरोडेखोरांशी झुंजायचे, हे कथाबीज अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’ने १९५४ मध्ये जगाला दिले. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडामागे सर्जिओ लिओने यांच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधील हत्याकांड उभे आहे. आणि घराजवळचे पाहायचे तर राज खोसला यांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ हा चित्रपट १९७१ चा. त्यात दरोडेखोराचे नाव जब्बरसिंग, गावात आणलेला भुरटा चोर म्हणजे धर्मेंद्र, आणि त्याला आणणारा एक हात गमावलेला निवृत्त सैनिक. ती भूमिका करणारे नट जयंत हे अमजद खान यांचे वडील. बापाने एका चित्रपटात हात गमावलेला माणूस उभा करावा आणि चार वर्षांनी मुलाने दुसऱ्या चित्रपटात हात तोडणारा उभा करावा, असा योग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

एवढे सगळे उसने असूनही ‘शोले’ला कोणी प्रतिबिंब म्हणत नाही. सामुराईंचे सात जण येथे दोन झाले, आणि त्या दोघांची मैत्री हीच मूळ गोष्टीहून मोठी गोष्ट ठरली. विधवेचे दिवे मालवणे, मावशीशी चाललेली सोयरिकीची बोलणी, पाण्याच्या टाकीवरचा तमाशा, यांतील काहीही कुरोसावांच्या गावात घडू शकले नसते. मूळ एक, परिकर दूरचा. राजशेखराने याला परपुरप्रवेश म्हटले असते आणि समाधानाने मान डोलावली असती.

याच्या उलट उदाहरण राम गोपाल वर्मा यांचे. ३१ ऑगस्ट २००७ रोजी आलेला ‘राम गोपाल वर्मा की आग’ हे ‘शोले’चे घोषित पुनर्निर्माण होते. रामगढचे काळीगंज झाले, गब्बरचा बब्बन झाला, ठाकूरच्या जागी पोलीस निरीक्षक आला आणि तोडलेल्या हातांच्या जागी तोडलेली बोटे आली. प्रत्येक वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवलेली, पण ती जागा का होती याचा विचार मात्र नाही. शब्दाला प्रतिशब्द ठेवून केलेले भाषांतर जसे निष्प्राण होते तसे हे झाले. प्रेक्षकांनी तो नाकारलाच. पुढे २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे ठरवून दहा लाख रुपयांची भरपाईही लावली. न्यायालयाच्या तराजूत हक्क मोजले जातात, आदर मोजला जात नाही. तरी या एका ठिकाणी न्यायालय, प्रेक्षक आणि आनंदवर्धन या तिघांचे एकमत झाले, ही गंमतीची गोष्ट आहे.

विशेष हे की याच दिग्दर्शकाने दोनच वर्षे आधी, २००५ मध्ये, ‘सरकार’ केला होता. त्याच्या आरंभीच पडद्यावर ‘द गॉडफादर’चे ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केलेले आहे. मुलीवरील अत्याचाराचा न्याय मागायला आलेला हतबल बाप, हा प्रवेशही कोपोला यांच्या १९७२ च्या चित्रपटातून सरळ आलेला. पण सुभाष नागरे हे नाव ऐकताच प्रेक्षक न्यूयॉर्क विसरतो. बंगल्याच्या गच्चीवरून जमावाला हात करणारा, कायद्याबाहेरची सत्ता घरबसल्या चालवणारा हा माणूस मुंबईच्या मराठी राजकारणाच्या मातीतून उगवलेला आहे, हे सांगावे लागत नाही. दोन देह सारखे, आत्मे निराळे. एकच हात एकदा नमन करतो आणि एकदा नुसते हरण करतो, हे पाहिले की दोष साधनांचा, पैशांचा किंवा प्रतिभेचाही नसतो हे विद्यार्थ्यांना पटते.

येथवर चौकट नीट चालते. फरहान अख्तर यांचा २००६ चा ‘डॉन’ आला की ती कुरकुरू लागते. चंद्रा बारोट यांचा ‘डॉन’ १९७८ चा. त्याच्या पटकथाकारांच्या जोडीपैकी जावेद अख्तर हे फरहान यांचे वडील; म्हणजे हे नमन घरातल्याच देव्हाऱ्यापुढचे. जुन्या गोष्टीत डॉन मरतो आणि त्याच्यासारखा दिसणारा साधाभोळा विजय त्याची जागा घेतो. नव्या चित्रपटात बराच वेळ हेच घडताना दिसते. शेवटी कळते की ज्याला आपण विजय समजलो तो डॉनच होता. हा शेवट आम्ही वर्गात सविस्तर समजावून सांगत होतो. मूळ चित्रपट वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेला नव्हता. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे ज्यांना आठवत होतं तेच फसले ना? आम्हाला काही आठवतच नव्हतं, मग आम्हाला फसवलं कुठे?”

आमच्या मते नमनाविषयीची सर्वांत नेमकी टीका त्या मुलीने केली. राजशेखराच्या व्यवहारात दोनच पक्ष आहेत: ज्याचे घेतले तो कवी आणि ज्याने घेतले तो कवी. त्यात तिसरा कोणी आलाच तर तो चोरी पकडणारा म्हणून येणार, म्हणून त्याच्यापासून लपवायचे. नमनात हे नाते उलटे होते. तेथे उसने घेतलेले दाखवायचे असते, आणि दाखवायचे तर पाहणारा हवा. नुसता पाहणारा पुरत नाही, तर आधी कधीतरी पाहिलेला हवा. ‘डॉन’चा शेवट पडद्यावर घडतच नाही. तो जुना चित्रपट पाहिलेल्यांच्या आठवणीत घडतो. ती आठवण काढून घेतली तर उरतो तो एक बऱ्यापैकी धक्का, कुठल्याही रहस्यपटात मिळेल असा. नमनाचे तेल ते हेच. ते दिग्दर्शक आणत नाही. प्रत्येक प्रेक्षक आपापल्या घरून पळीभर घेऊन येतो.

येथे रूपांतर आणि नमन यांतील भेद स्पष्ट होतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘झुंझारराव’चा (१८९०) आनंद घ्यायला ‘ऑथेल्लो’ वाचलेला असण्याची गरज नव्हती. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’ने बाहुल्यात शिरणाऱ्या गुंडाची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकी चित्रपटावरून घेतली, पण तात्या विंचूला घाबरलेल्या मराठी मुलांना अमेरिकी बाहुल्याचे नावही ठाऊक नव्हते. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातचा तो बाहुला आमच्यासाठी अस्सल मराठीच होता. रूपांतराला प्रेक्षकाची आठवण लागत नाही. पुढे २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ आला तेव्हा मात्र स्थिती पालटली होती. पहिला चित्रपट पाहून लहानपणी चादरीत तोंड लपवलेले लोक आता आपल्या मुलांचे हात धरून आले होते. जो उसने घेऊन आला होता तो वीस वर्षांत सावकार झाला, आणि त्याच्या नावाने नमन सुरू झाले.

नमनाचा आणखी एक प्रकार आहे, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. १९९१ मध्ये ‘रामगढ के शोले’ आला. त्यात गब्बर स्वतः अमजद खान होते आणि भोवती प्रख्यात नटांची प्रतिरूपे जमवलेली होती. अमिताभचा प्रतिरूप, देव आनंदचा प्रतिरूप, गोविंदाचाही. विरारच्या मातीतून वर आलेल्या गोविंदाचा नक्कल करण्याजोगा नट झालेला पाहून आमच्याकडच्या लोकांना त्या काळी फार धन्य वाटले होते. चित्रपट म्हणून त्याविषयी बोलण्यासारखे फार नाही. पण त्याची रचना विलक्षण आहे: सोळा वर्षांपूर्वीची आपलीच भूमिका करणारा एकटा खरा माणूस आणि त्याच्याभोवती सगळे खोटे. पुढच्याच वर्षी अमजद खान वारले. आपल्याच कीर्तीला आपणच नमस्कार करायची वेळ आलेला नट, या अंगाने तो चित्रपट आम्हांला आज करुण वाटतो.

आणि मग मालेगाव. नाशिक जिल्ह्यातील या यंत्रमागांच्या गावात शुक्रवारी माग बंद असतात आणि चित्रगृहे भरतात. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच हौशी माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. इसवी सन २००० च्या सुमाराची ही गोष्ट. दरोडेखोरांना घोडे परवडणारे नव्हते, ते सायकलींवर आले. पुढे याच मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला आणि त्या खटपटीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. बैलगाडीची क्रेन करून घेतलेली दृश्ये त्यात दिसतात. आकाशात उडणारा सुपरमॅन झाला होता शेख शफीक नावाचा यंत्रमाग कामगार, अंगाने काडी. चित्रपटातला त्याचा शत्रू होता घाण आणि तंबाखूवर जगणारा खलनायक. शफीक स्वतः कर्करोगाने आजारी होता आणि चित्रपट पुरा झाल्यावर थोड्याच काळात तो गेला. रीमा कागती यांनी या सगळ्या कहाणीवर केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रगृहांत आला. म्हणजे नमन करणाऱ्यांनाही आता नमन झाले.

हे सारे आम्ही वर्गात दाखवले तेव्हा मुले प्रथम खळखळून हसली. सायकलीवरचा दरोडेखोर पाहून कोण हसणार नाही? हसू ओसरल्यावर नालासोपाऱ्याचा एक मुलगा, जो सकाळी कारखान्यात पॅकिंगचे काम करून दुपारी वर्गाला येतो, तो म्हणाला, “ह्यांनी शोले नुसता बघितला नाही मॅडम, वापरला.” वापरला हे क्रियापद आम्ही तेव्हाच फळ्यावर लिहिले. भांडे वापरतात, बोली वापरतात, वाट वापरतात. वापरलेली वस्तू झिजते आणि आपली होते. पूजेतली वस्तू झिजत नाही, पण आपलीही होत नाही. आग नावाच्या चित्रपटाने ‘शोले’ची पूजा मांडली आणि मालेगावाने तो वापरला. सायकल पाहून हसणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे घोडा होता. सायकल खरी करण्यासाठी तो घोडा प्रेक्षकानेच पुरवला, आणि हसता हसता त्याला हेही कळले की घोडा न परवडणाऱ्या गावालाही आपला रामगढ हवा असतो.

विडंबन आणि नमन यांची सीमा येथे पुसली जाते, आणि मराठीच्या अभ्यासकाला प्र. के. अत्र्यांची आठवण येणे अपरिहार्य होते. ‘झेंडूची फुले’ हा केशवकुमारांचा संग्रह १९२५ चा. त्या काळच्या वाचकांना रविकिरण मंडळाच्या कविता मुखोद्गत होत्या, म्हणूनच केशवकुमारांची प्रत्येक ओळ त्यांना गुदगुल्या करून गेली. आज हा संग्रह वर्गात शिकवताना तळटीपा द्याव्या लागतात. ही अमुक कवितेची फिरकी, ते अमुक कवीच्या लकबीचे अनुकरण, असे समजावून दिल्यावर मुले विनयाने मान हलवतात. समजावलेला विनोद आणि गार झालेला चहा यांत फारसा फरक नसतो. केशवकुमारांचे काव्य कमी झालेले नाही. दिवटीतले तेल संपले आहे. शंभर वर्षांत विडंबनाचे जे झाले ते मारधाडपटांच्या नमनाचे वीस वर्षांत होऊ लागले आहे, आणि आमची काळजी तेथे आहे.

या ठिकाणी आमच्या वयाचे शिक्षक सहसा एक तक्रार करतात: आताच्या मुलांना मूळ ठाऊक नसते, नक्कल आधी भेटते. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातून त्यांना गब्बर कळतो, हे खरेच आहे. तथापि आमच्या पिढीला तरी मूळ आधी कोठे भेटले होते? ‘शोले’ आला तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. आम्ही तो पाहण्यापूर्वी ऐकला. त्याच्या संवादांच्या तबकड्या पॉलिडोरने काढल्या होत्या. पुढे ध्वनिफिती आल्या, आणि ऐंशीच्या दशकात लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या कर्ण्यावर, चहाच्या टपरीवर ते संवाद वाजत. गब्बर बिस्किटांच्या जाहिरातीतही दिसे. चित्रपट प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो फार नंतर, तोवर तो आम्हांला पाठ होता. फरक कोणता, तर आमचा तुकडा सर्वांचा एकच होता. मांडवातला कर्णा साऱ्या आळीला तेच ऐकवी, आणि म्हणून आळीला एक आठवण मिळाली. आजचा तुकडा ज्याच्या त्याच्या हातात, ज्याचा त्याचा. मूळ आधी की नक्कल आधी, याने फारसे बिघडत नाही. आठवण एकत्र बसून जमा होत नाही, याने बिघडते. नमनाला एकटा जाणकार पुरत नाही. शेजारच्यालाही ते कळले, हे कळण्यात अर्धा आनंद असतो. अंधाऱ्या चित्रगृहात एखाद्या ओळखीच्या चौकटीवर दोनशे माणसे एकदम हुंकार देतात, तो हुंकार एकट्याच्या इअरफोनमध्ये उमटत नाही.

मूळ म्हणजे तरी काय, हाही प्रश्न आहेच. ‘शोले’च्या कर्त्यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलला, पोलीस ऐन वेळी आले, आणि पन्नास वर्षे चित्रगृहांनी तोच शेवट दाखवला. काही ध्वनिचित्रफितींतून मूळ शेवट अनेकांनी पाहिलेला होता हे खरे, पण लोकांचा ‘शोले’ पोलिसांचाच राहिला. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली आणि डिसेंबरमध्ये ती आपल्याकडे मोठ्या पडद्यावर आली, ती ठाकूरच्या शेवटासह. याचा अर्थ असा की मधल्या पन्नास वर्षांतली सारी नमने एका बदललेल्या प्रतीला झाली. त्यांतले एकही त्यामुळे खोटे ठरत नाही. ज्ञानेश्वरीची कोणती प्रत मूळ, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा; वारकऱ्याच्या नमस्काराला त्याने बाध येत नाही. नमन पोथीला होते आणि पोथी लोकांच्या तोंडी असते.

आमच्या वसईने या बाबतीत एक धडा फार पूर्वी दिलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि येथील चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा मराठी सरदारांनी देशभर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात एक आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीत एक आहे, ती १७०७ ची. हे युद्धातले हरण होते, त्याला नमन म्हणता येणार नाही. पण नेणाऱ्यांनी त्या घंटा वितळवल्या नाहीत आणि त्यांच्यावरचे परके साल घासून काढले नाही. आज भाविक ती वाजवतो, आवाज ऐकतो, पुढे जातो. ज्याने किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती पाहिल्या आहेत, त्याला त्याच टोल्यात आणखी काही ऐकू येते. नाद एकच असतो. कोणाला किती ऐकू येईल ते आधी काय पाहिले आहे यावर ठरते. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी त्याच भिंतींपुढे आज कॅमेरे लागतात, आणि पडद्यावर त्या भिंती कधी वसईच्या म्हणून येतात, कधी भलत्याच गावाच्या म्हणून. आमची मुले त्या लगेच ओळखतात आणि ओरडतात. वर्गात त्यांना एकत्र ओरडताना पाहिले की वाटते, तेल अगदीच संपलेले नाही.

शिक्षकाचे काम यात फार थोडे आणि फार निकडीचे आहे. नवे चित्रपट वाईट, जुने चांगले, अशी निवाड्याची पाटी लावून बसण्यात अर्थ नाही. ‘आग’ पडली ती नवी होती म्हणून पडली नाही, आणि मालेगाव उभे राहिले ते जुन्याला बिलगले म्हणून राहिले नाही. आपल्याला करता येण्यासारखे एवढेच की वर्गाने काही गोष्टी एकत्र पाहाव्यात, एकत्र वाचाव्यात, शक्य तर पाठ कराव्यात. म्हणजे अर्नाळ्याच्या, भुईगावच्या आणि नालासोपाऱ्याच्या मुलांकडे समान असे काहीतरी जमा होईल, आणि उद्या कोणी त्याला नमन केले तर तिघे एका वेळी एकमेकांकडे पाहून हसतील. पाठांतराला हल्ली फार नावे ठेवतात. पण आठवणीवाचून विडंबन कळत नाही, नमन कळत नाही, आणि चोरीसुद्धा कळत नाही.

येत्या सत्रात ‘झेंडूची फुले’ सुरू करण्याआधी दोन आठवडे आम्ही रविकिरण मंडळाच्या कविता मोठ्याने वाचायचे ठरवले आहे, सर्वांनी मिळून, चालीवर. वेळापत्रकात हे बसवणे कठीण आहे आणि नमनालाच घडाभर तेल गेले असे सहकारी म्हणतील. म्हणोत. केशवकुमार त्यानंतर येतील.